काशीकाकांची हजेरी

माझा आवाज चोरीचा आहे. हे मी सहसा कुणाला सांगत नाही, कारण या आवाजावर माझं घर चालतं. डोंबिवलीपासून टिटवाळ्यापर्यंत हळदी, साखरपुडे, सोसायट्यांचे गणपती, पोरांचे पहिले वाढदिवस; यांत कुठेही चमकीचं जाकीट घातलेला एक जाडा माणूस माइकवर 'टाळ्या अशा वाजवा की मांडवाचा बांबू हलला पाहिजे' असं ओरडताना दिसला, तर तो मीच. पण वाक्य संपताना आवाज खाली टाकायचा नाही, तो अधांतरी धरायचा, आणि लोकांनी श्वास रोखला की मगच पुढचा शब्द सोडायचा, ही कला माझी नाही. ती मी काशीकाकांची उचलली. त्यांनी ती खोपटच्या एसटी स्टँडवर कमावलेली.

काशीकाका तिथे कंट्रोलर होते. खिडकीमागे बसायचं, गाड्यांच्या वेळा लिहायच्या, माइकवर पुकारा करायचा आणि शिट्टी मारून गाडी सोडायची. आमच्या जमिनीची केस माझ्या जन्माआधीपासून ठाण्याच्या कोर्टात चालू होती. लहानपणी तारखेला वडील मला बरोबर न्यायचे. परतताना स्टँडवर आलो की वरून आवाज यायचा, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. मुरबाडला जाणारी गाडी..." इथे तो थांबायचा. अख्खं स्टँड पिशव्या उचलून एका पायावर उभं. "...अद्याप आलेली नाही."

वडील खूश होऊन म्हणायचे, "काशा बोलतंय. आमच्या वर्गात होता."

काका आमच्याच गावचे. खाडीकडेचं गाव, एके काळी मिठागरांचं आणि भातशेतीचं, आता चहूबाजूंनी टॉवर आणि मधे आम्ही. आमची घरं गावात आणि काकांचं घर बौद्धवाडीत. मधे एक नाला. नाल्यावर पूल झाला, पुलावर डांबर पडलं, डांबरावर नगरसेवकाचं नाव पडलं, पण वाडी ती वाडी आणि गाव ते गाव.

घरीही काका कंट्रोलरच. काकी जेवायला हाक मारायच्या, तर आतून घोषणा यायची, "आंघोळीची गाडी दहा मिनिटं उशिराने धावत आहे." पण एका बाबतीत मात्र मस्करी नाही. न आलेल्या गाडीला 'येतेय' म्हणायचं नाही. एकदा मी विचारलं, "काका, म्हटलं येतेय, तर लोकांना जरा बरं वाटतं ना?" ते म्हणाले, "त्यानेच माणूस मरतो रे. आली नाही म्हटलं तर तो चालत तरी जाईल. येतेय म्हटलं की बसून राहतो."

रिटायर झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात किंवा शेअर घेतात. काकांनी गावच्या मराठी शाळेत एक कार्यक्रम सुरू केला. नाव ठेवलं, 'आत आल्याचा दिवस'.

आता त्या दिवसाची गोष्ट सांगायला हवी. मी ती काकांच्याच तोंडून वीसेक वेळा ऐकली आहे आणि दर वेळी मला हसू आलं आहे.

काका पहिलीत गेले तेव्हा देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झालेली. कायदा झालेला. तो आमच्या गावापर्यंत चालत येत होता म्हणा. वाडीतली सात पोरं शाळेच्या पडवीत बसायची, घरून आणलेल्या गोणपाटावर. शिकवणं खिडकीतून ऐकायचं. पाटी तपासायची तर ती उंबऱ्यावर ठेवून मागे व्हायचं. मग जुने गुरुजी गेले आणि धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी नवे गुरुजी आले. देशावरचे, तरुण, ट्रंक हातात. समोर पडवीत सात पोरं मान खाली घालून बसलेली, तोंडावर कालचा रंग. गुरुजींना वाटलं, धुळवडीत काहीतरी दंगा केला असणार, म्हणून बाहेर बसवलंय. ते म्हणाले, "पुरे झाली शिक्षा. चला, आत व्हा."

"आणि आम्ही गेलो!" काका इथे दोन्ही हात वर करायचे. "मास्तर सांगतायत म्हटल्यावर काय करणार? गेलो!"

दुपारपर्यंत गावातली मोठी माणसं शाळेच्या दारात. गुरुजींना तेव्हा कळलं आपण काय केलं ते. पण तरुण माणूस, पहिलाच दिवस, चूक झाली म्हणायची लाज वाटली. त्यांनी छाती काढून ठोकून दिलं, "वरून हुकूम आहे."

मी एकदा म्हटलं, "काका, त्यांनी मुद्दाम केलं असेल. चांगला माणूस असेल."

"हॅ! चुकून. मुद्दाम कोण करतं रे आपल्यासाठी?" आणि खदखदून हसले. त्या हसण्यात मी सामील झालो आणि मधेच मला कसंतरी झालं, पण तोपर्यंत ते पुढे गेलेले.

गावाने सगळी पोरं शाळेतून काढली. बारा दिवस आत फक्त ही सात. अख्खा वर्ग मोकळा, तरी सवयीने दाराजवळच्या भिंतीला चिकटून बसायची. तेराव्या दिवशी एक पोरगा धावत आत आला. बापाने त्याला मिठागराच्या बांधावर चिखल वाहायला लावलेला, तिथून पळालेला. ढोपरापर्यंत चिखल. त्याची जागा पहिल्या रांगेत, पण बापाला खिडकीतून दिसू नये म्हणून तो भिंतीकडे आला आणि काशाला म्हणाला, "सरक."

काका इथे गप्प व्हायचे. स्टँडवरच्यासारखे. मग म्हणायचे, "तोवर गावातल्या माणसाने मला एकच सांगितलेलं. लांब हो. 'लांब हो' म्हणजे मी तिथे नको. 'सरक' म्हणजे त्याला माझ्या बाजूला बसायचंय. आठ वर्षांचा होतो, पण फरक कळला मला."

तो चिखलाचा पोरगा म्हणजे बाळकृष्ण, बाळ्या. माझे वडील.

तर कार्यक्रम असा: धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी चारला, सगळ्यांनी आधी पडवीत गोणपाटावर बसायचं. एक तास, म्हणजे शाळेचा तास, पस्तीस मिनिटं. तेवढ्यात काका हजेरी घेणार. मग शिट्टी. मग सगळ्यांनी उठून आत वर्गात जायचं, लाडू खायचा, घरी जायचं. भाषण नाही. सूत्रसंचालनाला मी, फुकट. माझं काम एवढंच, की काका बोलायला लागले की माइक त्यांच्यासमोर धरायचा. माझ्या धंद्यातलं हे सगळ्यात कमी शब्दांचं काम, आणि सगळ्यात जड.

पहिल्या वर्षी काका फ्लेक्स करायला गेले. फ्लेक्सवाला म्हणाला, "काका, चेहरे कोणाचे टाकू?"

"कोणाचे नको. शाळेच्या पडवीचा फोटो टाक."

"अहो, चेहरा नसेल तर लोकांना कळणार कसं कार्यक्रम कोणाचा?"

काकांनी पडवीचाच फोटो टाकला. वर 'आत आल्याचा दिवस', खाली नंबर. चार दिवसांत तीन फोन आले, वन बीएचके काय भावाने म्हणून.

पुढच्या वर्षी नगरसेवक आले. पांढरीशुभ्र पँट, मागे दहा पोरं. गोणपाट बघून हसले, खुर्ची कुठे विचारलं. काका म्हणाले, "खुर्ची आत आहे, साहेब. आत जायचं ते शिट्टी झाल्यावर." साहेब बसले बिचारे. फोटो काढून झाले. सातव्या मिनिटाला फोन कानाला लावून उठू लागले, तशी काकांनी माझ्या हातातला माइक स्वतःकडे ओढला. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. तास चालू आहे. बाहेर बसणाऱ्याला उठायची परवानगी नव्हती. लघवीलाही नव्हती." साहेब खाली बसले. एवढा शांत बसलेला नगरसेवक मी आजवर पाहिलेला नाही. त्यानंतर ते आले नाहीत, हार पाठवू लागले. हार येऊ लागले तशी माणसं कमी झाली.

पण खरा कार्यक्रम हजेरीचा. काकांकडे शंभर पानी वही होती, स्वतः रेघा मारलेली. डाव्या बाजूला पडवीतली सात नावं, उजव्या बाजूला आत बसणाऱ्यांची जेवढी आठवली तेवढी. पहिल्या वर्षी सातातले पाच होते. "हिरा?" की हिराआजी दोन कोसांवर ऐकू जाईल अशी ओरडायची, "हजर, गुरुजी!" जो मेला असेल त्याच्यापुढे काका एसटीच्या भाषेत लिहायचे, 'रवाना'. मग उजवी बाजू. एक नाव घ्यायचं, थांबायचं, दाराकडे बघायचं, 'गैरहजर' लिहायचं. उजव्या बाजूचं पहिलं नाव माझ्या वडिलांचं. मी माइक धरून उभा. सगळे माझ्याकडे बघतायत. माझ्या जाकिटाची चमकी मला टोचायला लागायची.

दर वर्षी होळीच्या आधी काका आमच्या बंगल्यावर आमंत्रण द्यायला यायचे. वडील झोपाळ्यावर. कोर्टाची केस जिंकून, जमीन बिल्डरला देऊन, ढोपरातला चिखल कायमचा धुऊन बसलेले.

"ये काशा, बस. चा घे. अगं, चांगले कप काढ!"

चांगले कप यायचे. काका चहा पुरा प्यायचे, कप खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "बाळ्या, या वर्षी ये. एवढंच सांग, मी परत आलो आणि काशाला 'सरक' म्हणालो. बाकी काही नको. आम्ही सात जण सांगतो, ते लोकांना गाऱ्हाणं वाटतं. आतल्या एकाने तरी सांगायला पाहिजे की झालं होतं असं."

"मना काय आठवत नाय रं. आपल्या गावान तसलं काय नव्हताच. तू उगाच जुना काढतंस."

"बरं," म्हणून काका उठायचे. फाटकापर्यंत मी सोडायला जायचो. एका वर्षी त्यांनी विचारलं, "तुझी मुलगी कुठे जाते शाळेत?"

मी नाव सांगितलं. टॉवरमागची ती एसी शाळा.

"चांगली आहे. मराठी शाळेत आता वाडीतली पोरं आणि बिगाऱ्यांची. गावातलं एक नाही." मग हसले. "तेव्हा बारा दिवस काढलेली, तर केवढा आरडाओरडा. आता कायमची काढली, कुणाला कळलं पण नाही."

सोळा-सतरा वर्षं असं चाललं. आणि मग एका वर्षी वडील म्हणाले, "मी येतंय."

का, ते मला कळलं नाही. वय झालेलं, एक मोठं दुखणं काढलेलं, त्यातून काही सुचलं असेल. मी काकांना फोन केला. त्यांनी माझ्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाले, "गोणपाट धुऊन ठेवतो. त्याला दम्याचा त्रास आहे ना?"

त्या दिवशी गाव लोटलं. बाळाशेठ वाडीच्या कार्यक्रमाला जाणार म्हटल्यावर अख्खी भावकी मागून आली. काका इस्त्रीचा खाकी शर्ट घालून आलेले, नोकरीतला. वडील गोणपाटावर बसले, माझा हात धरून, कण्हत. काकांनी त्यांच्या बाजूचीच जागा घेतली. हजेरी सुरू झाली. "हिरा?" "हजर, गुरुजी!" उरलेली सगळी रवाना. काकांनी स्वतःचं नाव घेतलं, स्वतःच हजर म्हणाले. मग उजवी बाजू.

"बाळकृष्ण?"

"हजर!" वडील म्हणाले. टाळ्या अशा पडल्या की खरंच बांबू हलला असता. आणि वडील उठले. माइक माझ्या हातून घेतला. एकवार समोर भावकीकडे बघितलं. सगळे चुलते, चुलतभाऊ, त्यांच्या सुना, मोबाइल वर धरून.

"काशा माझा बालमित्र," ते म्हणाले. "आपल्या गावान भेदभाव कवा नव्हता. आमी सगले एकत्र बसायचो, एकत्र खायचो. आमच्या वाडवडलांनी कोणाला बाहेर ठेवला नाय. असाच एकोपा ऱ्हाऊ दे." आणि हात जोडले.

पुन्हा टाळ्या. काकांच्या हातात पेन होतं. ते त्यांनी वहीवर टेकवलं आणि लिहिलं. मग शिट्टी मारली, आणि सगळे आत जाऊन लाडू खाऊ लागले.

वही माझ्या बाजूलाच होती. मी वाकून बघितलं. 'गैरहजर'.

मला राग आला. संध्याकाळी पुलावर काकांना गाठलं. "काका, माणूस समोर उभा होता. सगळ्यांनी बघितलं."

"गाडी आली होती," काका म्हणाले. "पाटी चुकीची लावून आली. आम्ही ती आली असं धरत नाही."

त्याआधी गाडीतून घरी जाताना काय झालं ते मी त्यांना सांगितलं. वडील मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेले, ते अचानक म्हणालेले, "बाबानं फोकानं मारलेला मना. पाठ सुजलेली. तरी दुसऱ्या दिवशी परत गेलेलो. काशाच्याच बाजूला बसलेलो."

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"सगली भावकी समोर. त्यांच्यासमोर मेलेल्या बापाचं नाव काढू?"

हे ऐकून काकांना बरं वाटेल, अशी माझी समजूत. काका पुलाच्या कठड्याला टेकले. "त्याला आठवतं ते मला माहीत आहे रे," ते म्हणाले. "विसरला असता तर मी कशाला बोलवला असता एवढी वर्षं?"

वडील त्याच वर्षी दिवाळीच्या आसपास गेले. तेराव्याला काका आले, शेवटच्या पंगतीला बसले, सगळं जेवले.

आणि नवीन वर्षात शाळा बंद झाली. पट कमी म्हणून. उरलेली पोरं स्टेशनजवळच्या शाळेत पाठवली, दाराला कुलूप लागलं. जागेवर काय होणार यावर गावात रोज नवी बातमी: हॉल, जिम, पार्किंग. काकांनी किल्लीसाठी अर्ज केला. एका ऑफिसातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून ठाण्याला. उत्तर आलं नाही. मी म्हटलं, "येईल काका," तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी जीभ चावली.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता पडवीत आम्ही नऊ जण होतो. हिराआजी नव्हती, ती थंडीत रवाना झालेली. कुलूप नवं, चकचकीत. फाटकाबाहेर माझे दोन चुलते आणि एक बिल्डरचा माणूस फीत घेऊन जागा मोजत होते. आम्हाला बघून थांबले, सिगरेट पेटवली.

काकांनी वही उघडली. डाव्या बाजूला एकच हजर, तो स्वतः. मग उजवी बाजू.

"बाळकृष्ण?"

मला वाटलं होतं, या वर्षी त्यांच्यापुढे रवाना लिहितील. काका लिहीत नव्हते. पेन वर धरून दाराकडे नाही, माझ्याकडे बघत होते. माइक माझ्याच हातात होता. चालू होता. तीन वाक्यं पुरली असती. माझे वडील परत आले, आजोबांचा मार खाऊन आले, 'सरक' म्हणाले. मी दहा हजार माणसांसमोर गाढवाला नवरदेव म्हणून दाखवलेला माणूस. फाटकाबाहेर चुलत्यांचं बोलणं थांबलेलं. पुतण्याच्या हळदीचं काम त्यांनी मला दिलेलं, पण ते कारण नव्हतं. कारण काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी माइकवर बोट आपटून बघितलं, जणू तो बिघडलाय.

काका थांबले. गाडीसाठी थांबतात तेवढे थांबले. मग लिहिलं, 'गैरहजर', आणि वही मिटली.

पस्तीस मिनिटं झाली. शिट्टी गळ्यात होती. काकांनी ती वाजवली नाही. वाजवून जायचं कुठे? चाळीस मिनिटं झाली, पन्नास झाली. लोक एकमेकांकडे बघू लागले. एकाचा दुकानाचा टाइम झाला. एकीला नातवाला क्लासला सोडायचं होतं. एकेक जण काकांच्या पाया पडून, लाडू हातात घेऊन निघाला. मीही स्पीकर स्कूटरला बांधला आणि निघालो.

अर्ध्या वाटेत लक्षात आलं, वायर राहिली. परत आलो. चुलते गेलेले, फाटक अर्धं उघडं. काका तसेच बसलेले, दाराकडे तोंड करून, पाठ ताठ, पाय मुडपून. ऐंशी वर्षांच्या माणसाने असं बसू नये.

"काका, चला. घरी सोडतो."

"शिट्टी झाली का?"

"नाही."

"मग?"

मी वायर गुंडाळत उभा राहिलो. मग काकांनी दोन्ही हात जमिनीला टेकले आणि हळूच, ढोपरं वाजवत, गोणपाटावर वीतभर बाजूला झाले. माझ्याकडे बघितलं नाही. फक्त जागा केली.

"काका," मी म्हणालो, "सहाला हळद आहे माझी. नवरीकडचे फोन करतायत."

फोन कोणाचाच आलेला नव्हता.

फाटकातून स्कूटर वळवताना आरशात दिसले ते शेवटचे. महिन्याभराने आंबिवलीला मुलीकडे गेले आणि तिथेच वारले. आरशात माणूस लहान दिसतो. पण गोणपाट नीट दिसत होतं. अर्ध्यावर ते, आणि अर्धं मोकळं.